डिरेक्टरीतील नोंदीचे नाव मजकुरात कसे लिहावे: नवख्यांसाठी डीएनची ओळख

वापरकर्ते, विभाग, गट यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि एलडॅप प्रोटोकॉलवर चालणाऱ्या डिरेक्टरीशी ज्यांचा नव्याने संबंध येतो, त्यांच्यासमोर फार लवकर पुढच्यासारखी एक ओळ येते:

सीएन=मीरा,ओयू=लेखा,डीसी=एक्झाम्पल,डीसी=नेट

ही ओळ म्हणजे डिरेक्टरीतील एका नोंदीचे संपूर्ण नाव होय. त्याला डिस्टिंग्विश्ड नेम किंवा थोडक्यात डीएन म्हणतात, आणि एकाच डिरेक्टरीत हे नाव दोन नोंदींना असू शकत नाही. ओळ दिसायला सोपी असल्यामुळे अनेक जण ती साध्या मजकुरासारखी हाताळू लागतात. ते स्वल्पविरामाजवळ तिचे तुकडे करतात, तुकडे जोडून नवी ओळ तयार करतात आणि दोन ओळी अक्षरशः सारख्या आहेत का, एवढेच पाहून निर्णय घेतात. नोंदी साध्या असेपर्यंत हे चालून जाते. एखाद्या विभागाच्या नावात स्वल्पविराम आला, किंवा कोणी नावाच्या रकान्यात मुद्दाम वेगळे काही भरले, की कुणाला लॉगिन करता येत नाही, कुणाचे गटातले सदस्यत्व सापडत नाही आणि कुणाला नको ती परवानगी मिळून जाते. या साऱ्या अडचणींचे मूळ एकच आहे: डीएन ही मुळात मजकुराची ओळ नसून एका रचनेचे लेखी रूप आहे, हे लक्षात घेतलेले नसते. पुढच्या सर्व पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

लिपीविषयी एक सूचना आधीच देतो. या लेखात गुणधर्मांची सीएन, ओयू, डीसी यांसारखी लघुनावे, अंक आणि षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीतील ए ते एफ ही अक्षरे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात. सीएन किंवा ओयू यांची मूल्ये मात्र देवनागरीत ठेवता येतात, कारण त्यांना युनिकोडमधील अक्षरे चालतात. डीसीच्या मूल्याला ही मुभा नाही. ते मूलभूत रोमन अक्षरसंचातच द्यावे लागते.

पहिली पायरी: ओळीमागची रचना ओळखणे

डिरेक्टरीतील नोंदी झाडासारख्या रचलेल्या असतात. प्रत्येक नोंदीला आपल्या पालक नोंदीखाली एक स्थानिक नाव असते, त्याला रिलेटिव्ह डिस्टिंग्विश्ड नेम म्हणजेच आरडीएन म्हणतात. एकाच पालकाखालच्या दोन भावंड नोंदींचे आरडीएन सारखे असू शकत नाही. दोन वेगळ्या पालकांखाली मात्र तोच आरडीएन खुशाल येऊ शकतो. झाडाच्या मुळापासून त्या नोंदीपर्यंत जाताना लागणारे सर्व आरडीएन क्रमाने घेतले की डीएन तयार होतो.

आरडीएन स्वतः गुणधर्म आणि मूल्य यांच्या जोडीने बनतो. वरच्या उदाहरणात सीएन हा गुणधर्म आहे आणि मीरा हे त्याचे मूल्य आहे. ही जोडी केवळ नावापुरती नसते. नोंदीच्या आतही त्या गुणधर्माचे ते मूल्य असावे लागते. एका आरडीएनमध्ये एकापेक्षा अधिक जोड्याही असू शकतात, आणि तशा त्या असल्या तर त्यांच्यात पुढचे-मागचे असे काही नसते. म्हणजेच डीएन ही एक क्रमबद्ध मालिका आहे आणि त्या मालिकेतला प्रत्येक घटक हा जोड्यांचा क्रमरहित संच आहे. ही व्याख्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या डिरेक्टरींसाठीच्या एक्स.५०० या मानकमालिकेतून आलेली आहे. तिथे हे नाव यंत्राला सोयीच्या द्विमान रूपात पाठवले जात असे. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील कामातून एलडॅप पुढे आला तेव्हा नावे मजकुराच्या रूपात पाठवण्याचे ठरले, आणि त्या मजकुराचे नियम त्याच वर्षी आरएफसी १४८५ मध्ये लिहिले गेले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). पुढे १९९५ मध्ये आरएफसी १७७९, १९९७ मध्ये आरएफसी २२५३ आणि २००६ मध्ये आरएफसी ४५१४ असे त्यांचे सुधारित मसुदे आले. आज चालू असलेला नियम आरएफसी ४५१४ चा आहे. जुन्या मसुद्यांची आठवण ठेवावी लागते, कारण त्यांनुसार लिहिलेल्या ओळी अजूनही जुन्या फाइलींमध्ये आणि कॉन्फिगरेशनमध्ये भेटतात.

दुसरी पायरी: क्रम लावणे

मजकुरात डीएन लिहिताना सुरुवात नोंदीपासून करायची आणि शेवट मुळाशी करायचा. पाकिटावर आपण आधी व्यक्तीचे नाव, मग घर, मग गाव लिहितो, तोच हा क्रम आहे. एक्स.५०० च्या मूळ रचनेत मात्र मालिका मुळापासून सुरू होते, त्यामुळे मजकुरात ती उलटी दिसते. दोन आरडीएनच्या मध्ये स्वल्पविराम येतो आणि जोडीच्या मध्ये बरोबरचे चिन्ह येते.

उलटेपणाचा हा मुद्दा डिजिटल प्रमाणपत्रांशी काम करताना हमखास आडवा येतो. एक्स.५०९ प्रमाणपत्रातील नावही याच रचनेचे असते, पण काही साधने ते साठवलेल्या क्रमानेच, म्हणजे मुळापासून, छापतात. प्रमाणपत्रे हाताळणाऱ्या ओपनएसएसएल या साधनाच्या जुन्या आवृत्त्या तर स्वल्पविरामाऐवजी तिरकी रेघ वापरून असे छापत:

/ओ=संस्था/ओयू=लेखा/सीएन=मीरा

ही ओळ जशीच्या तशी उचलून एलडॅपच्या सर्व्हरला देऊ नये. हेच नाव आरएफसीच्या नियमाने लिहिले तर ते सीएनपासून सुरू होईल आणि ओ या गुणधर्मावर संपेल. ओपनएसएसएलला नावाचे स्वरूप निवडण्याचा पर्याय देता येतो. त्यात आरएफसी २२५३ हे स्वरूप मागितले की क्रम आणि विरामचिन्हे दोन्ही योग्य मिळतात.

शून्य आरडीएन असलेला डीएनही वैध असतो आणि तो रिकाम्या ओळीने दर्शवतात. सर्व्हरची स्वतःविषयीची माहिती ज्या नोंदीत असते, ती वाचताना हाच रिकामा डीएन द्यावा लागतो. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिताना रिकामी ओळ म्हणजे चूक, असे गृहीत धरू नये.

तिसरी पायरी: गुणधर्मांची लघुनावे

आरएफसी ४५१४ मध्ये नऊ लघुनावांचा तक्ता आहे आणि ती प्रत्येक अंमलबजावणीने ओळखलीच पाहिजेत: सीएन म्हणजे प्रचलित नाव, एल म्हणजे ठिकाण, एसटी म्हणजे राज्य किंवा प्रांत, ओ म्हणजे संस्था, ओयू म्हणजे संस्थेचा विभाग, सी म्हणजे देश, स्ट्रीट म्हणजे रस्त्याचा पत्ता, डीसी म्हणजे डोमेन नावाचा एक घटक आणि यूआयडी म्हणजे वापरकर्त्याची ओळखखूण. लघुनावे लहान किंवा मोठ्या लिपीत लिहिली तरी अर्थ बदलत नाही.

या तक्त्याबाहेरची लघुनावेही वापरात दिसतात, उदाहरणार्थ ईमेलसाठी ई किंवा राज्यासाठी नुसते एस. ती त्या त्या साधनाची सोय असते आणि दुसऱ्या सर्व्हरला ती कळतीलच याची खात्री नसते. ज्या गुणधर्माचे नाव ओळखीचे नाही, त्यासाठी ठिपक्यांनी जोडलेल्या आकड्यांचा ऑब्जेक्ट आयडेंटिफायर लिहायचा असतो. अशा वेळी मूल्यही वेगळ्या पद्धतीने येते: आधी हॅश चिन्ह आणि मग मूल्याच्या द्विमान रूपातले बाइट षोडशमान अंकांत. मानकातच असे उदाहरण दिलेले आहे:

१.३.६.१.४.१.१४६६.०=#०४०२४८६९

यातील ०४ हा मूल्याचा प्रकार सांगतो, ०२ ही लांबी आहे आणि ४८ व ६९ हे प्रत्यक्ष दोन बाइट आहेत. नवख्या माणसाला अशी ओळ लिहिण्याची वेळ क्वचितच येते, पण समोर आली तर ती खराब झालेली माहिती समजून टाकून देऊ नये.

चौथी पायरी: विशेष चिन्हे सुरक्षित करणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या पायरीवर थोडे थांबू. समजा विभागाचेच नाव "खरेदी, विक्री" असे आहे. त्यातला स्वल्पविराम मूल्याचा भाग आहे, दोन आरडीएनमधला नाही. हा फरक मजकुरात दिसावा म्हणून त्याच्या आधी बॅकस्लॅश लावतात:

सीएन=मीरा,ओयू=खरेदी\, विक्री,डीसी=एक्झाम्पल,डीसी=नेट

या नावात चार आरडीएन आहेत. हीच ओळ कोणी आंधळेपणाने स्वल्पविरामांवर तोडली तर पाच तुकडे हाती येतात आणि त्यांतल्या एकात बरोबरचे चिन्हच नसते.

बॅकस्लॅश कुठे लावायचा याचा नियम नेमका आहे. मूल्यात कुठेही दुहेरी अवतरणचिन्ह, अधिक चिन्ह, स्वल्पविराम, अर्धविराम, लहान-मोठे दाखवणारी कोनी चिन्हे किंवा स्वतः बॅकस्लॅश आला, तर त्याआधी बॅकस्लॅश हवा. हॅश चिन्ह मूल्याच्या सुरुवातीला असेल तरच बॅकस्लॅश लागतो, कारण सुरुवातीचा हॅश षोडशमान मूल्याची खूण आहे. मधला हॅश तसाच ठेवता येतो. मोकळी जागा मूल्याच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी असेल तर ती सुरक्षित करावी लागते, शब्दांमधली जागा नाही. बरोबरच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लावणे ऐच्छिक आहे, कारण जोडीतले पहिले बरोबरचे चिन्ह हेच विभाजक असते. शून्य मूल्याचा नियंत्रणवर्ण आला तर तो \०० असाच लिहावा लागतो.

बॅकस्लॅशनंतर चिन्ह लिहिण्याऐवजी त्याच्या बाइटचे दोन षोडशमान अंकही लिहिता येतात. स्वल्पविरामासाठी \, आणि \२सी या दोन्ही लेखनांचा अर्थ एकच आहे. हीच सोय कोणत्याही अक्षरासाठी वापरता येते. म हे अक्षर यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइटांत साठते, त्यामुळे ते \ई०\ए४\एई असे दिसू शकते. देवनागरी मूल्यांना अशी सुरक्षितता मुळीच आवश्यक नाही, पण काही साधने रोमनेतर सर्व अक्षरे याच रूपात छापतात. अशी ओळ परत वाचताना आधी सर्व बाइट गोळा करावेत आणि मग त्यांचे यूटीएफ-८ म्हणून अक्षरांत रूपांतर करावे. प्रत्येक जोडी स्वतंत्र अक्षर समजली तर नावाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

जुन्या ओळींमध्ये संपूर्ण मूल्य अवतरणचिन्हांत ठेवलेले, दोन आरडीएनच्या मध्ये स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम घातलेला किंवा स्वल्पविरामानंतर मोकळी जागा सोडलेली आढळेल. अनेक सर्व्हर हे सारे उदारपणे स्वीकारतात. आपण लिहिताना मात्र आजच्या मानकाचेच रूप वापरावे आणि विभाजकांभोवती जागा सोडू नये, हा माझा आग्रह आहे. वाचणारे प्रत्येक साधन तितकेच उदार असेल असे नाही.

पाचवी पायरी: अनेक जोड्यांचा आरडीएन

एका आरडीएनमध्ये दोन जोड्या असतील तर त्या अधिक चिन्हाने जोडतात:

सीएन=मीरा+यूआयडी=७०४२,ओयू=लेखा,डीसी=एक्झाम्पल,डीसी=नेट

एकाच विभागात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असतील तर ही पद्धत उपयोगी पडते. जोड्यांचा क्रम मोजला जात नसल्यामुळे यूआयडी आधी लिहिला तरी नाव तेच राहते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असे आरडीएन चालत नाहीत, ओपनएलडॅप या सर्व्हरमध्ये चालतात. नवी रचना आखताना शक्यतो यूआयडीसारखा एकच, मुळातच वेगळा असणारा गुणधर्म निवडावा, म्हणजे ही गुंतागुंत उद्भवतच नाही.

सहावी पायरी: दोन नावांची तुलना

दोन ओळी अक्षरशः सारख्या नसल्या तरी त्या एकाच नोंदीचे नाव असू शकतात. तुलना करताना आरडीएनची संख्या सारखी आहे का आणि प्रत्येक स्थानावरच्या संचांतील जोड्या जुळतात का, हे पाहिले जाते. मूल्ये जुळतात की नाही हे त्या त्या गुणधर्माच्या जुळणी-नियमावर ठरते. सीएन आणि ओयू यांच्या नियमात रोमन अक्षरांचा लहान-मोठेपणा धरला जात नाही आणि शब्दांमधल्या एकापाठोपाठच्या अनेक जागा एकीसारख्याच मानल्या जातात.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येते आणि र व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात. आरएफसी ४५१८ मध्ये तुलनेपूर्वी मजकूर प्रमाणित रूपात आणण्याची आणि जोडणी दाखवणारे अदृश्य वर्ण वगळण्याची पद्धत सांगितली आहे, त्यामुळे ती पाळणाऱ्या सर्व्हरसाठी ही दोन्ही नावे एकच ठरतात. आपल्या प्रोग्रॅममध्ये नुसती ओळीला ओळ ताडून पाहिली तर ती वेगळी ठरतील. म्हणून शक्य असेल तिथे तुलना सर्व्हरवर सोपवावी, आणि ती प्रोग्रॅममध्येच करावी लागली तर डीएन समजणारी लायब्ररी वापरावी. जावामध्ये त्यासाठी एलडॅपनेम हा वर्ग आहे. तोही सर्व जुळणी-नियम जाणत नाही, पण रचना नीट उलगडतो.

याच्याच जोडीला मानक आणखी एक इशारा देते: मजकुरातून मूळ द्विमान रूप तंतोतंत परत मिळेल याची हमी नाही. मूल्य कोणत्या प्रकारच्या अक्षरमालिकेत साठवले होते ही माहिती मजकूर करताना गळून जाते. प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी तपासण्यासारख्या कामात, जिथे एकेक बाइट महत्त्वाचा असतो, तिथे मजकुरावरून नाव पुन्हा घडवू नये.

सातवी पायरी: वापरकर्त्याने दिलेल्या मूल्यातून डीएन घडवणे

लॉगिनच्या पानावर भरलेले नाव "यूआयडी=" आणि ",ओयू=लेखा,डीसी=एक्झाम्पल,डीसी=नेट" यांच्यामध्ये थेट चिकटवण्याची सवय फार पसरलेली आहे आणि ती धोकादायक आहे. कोणी रकान्यात "मीरा,ओयू=प्रशासन" असे भरले, तर तयार होणारा डीएन झाडाच्या भलत्याच फांदीकडे निर्देश करतो. मूल्य आधी चौथ्या पायरीच्या नियमाने सुरक्षित केले तर हाच मजकूर एका विचित्र पण निरुपद्रवी मूल्यासारखा वागतो. हे काम हाताने करू नये. पीएचपीमध्ये एलडॅप_एस्केप हे फंक्शन डीएनसाठीचा पर्याय देऊन वापरता येते आणि जावाच्या आरडीएन वर्गात एस्केपव्हॅल्यू ही पद्धत आहे. सुरक्षित करायचे ते फक्त मूल्य. संपूर्ण डीएन या फंक्शनला दिला तर विभाजक स्वल्पविरामही मूल्यात जमा होतात आणि नाव मोडते.

शोधासाठी लिहिल्या जाणाऱ्या फिल्टरचे नियम वेगळे आहेत, आणि इथे अनुभवी माणसांचाही गोंधळ होतो. फिल्टरमध्ये स्वल्पविराम निरुपद्रवी आहे. तिथे तारांकन, कंस, बॅकस्लॅश आणि शून्य वर्ण सुरक्षित करावे लागतात, तेही केवळ षोडशमान अंकांनी. एखाद्या गटात अमुक डीएन सदस्य आहे का, असे विचारताना डीएन फिल्टरच्या आत जातो, तेव्हा दोन्ही नियम एकापाठोपाठ लागू करायचे: आधी डीएनचा, मग फिल्टरचा. डीएनमधला बॅकस्लॅश फिल्टरमध्ये \५सी होतो:

(मेंबर=सीएन=मीरा,ओयू=खरेदी\५सी, विक्री,डीसी=एक्झाम्पल,डीसी=नेट)

असेच थर इतर ठिकाणीही चढतात. एलडॅपच्या यूआरएलमध्ये मोकळी जागा आणि बॅकस्लॅश टक्केचिन्हाच्या पद्धतीने लिहितात. जेसन फाइलमध्ये किंवा प्रोग्रॅममधील अवतरणांत बॅकस्लॅश दुहेरी करावा लागतो. कमांड देताना संपूर्ण डीएन एकेरी अवतरणचिन्हांत ठेवला की शेल बॅकस्लॅश गिळत नाही. डिरेक्टरीतील नोंदी मजकुरात ठेवणाऱ्या एलडीफ फाइलमध्ये देवनागरी डीएन बेस६४ रूपात आणि डीएन या शब्दापुढे दोन अपूर्णविराम (::) देऊन लिहितात. एकच चिन्ह असेल तर पुढचा मजकूर जसाच्या तसा वाचला जातो. ओळ पुढच्या ओळीवर चालू ठेवायची असेल तर ती पुढची ओळ एका मोकळ्या जागेने सुरू होते. नाव चुकीचे वाचले जात असेल तेव्हा बिघाड कोणत्या थरात झाला आहे, हे एकेक थर सोलून पाहावे.

ओपनएलडॅप वापरणाऱ्यांना स्लॅपडीएन हे छोटे साधन उपलब्ध आहे. त्याला डीएन दिला की तो सर्व्हरच्या स्कीमानुसार, म्हणजे गुणधर्मांच्या ठरलेल्या नियमांनुसार, वैध आहे का ते कळते आणि त्याचे प्रमाणित रूपही पाहायला मिळते. सरावासाठी वरच्या उदाहरणांतील ओळी त्यात घालून पाहाव्यात: बॅकस्लॅश काढून, अधिक चिन्हाच्या जोड्या उलटून, मोकळ्या जागा वाढवून.

आठवी पायरी: डीएन कुठे साठवू नये

डीएन एकमेव असतो, पण कायमचा नसतो. व्यक्तीचा विभाग बदलला किंवा नावात दुरुस्ती झाली की नोंद झाडात हलते आणि तिचा डीएन बदलतो. जुना डीएन पुढे दुसऱ्याच नोंदीला मिळू शकतो. त्यामुळे दुसऱ्या डेटाबेसमध्ये त्या व्यक्तीची खूण म्हणून डीएन साठवू नये. त्यासाठी आरएफसी ४५३० मध्ये एंट्रीयूयूआयडी हा गुणधर्म दिलेला आहे, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ऑब्जेक्टजीयूआयडी आहे. नोंद कुठेही हलली तरी ही खूण तीच राहते. तिच्या आधारे नोंद शोधावी आणि त्या क्षणाचा डीएन सर्व्हरकडूनच घ्यावा. डीएनमध्ये व्यक्तीचे नाव, विभाग आणि काही वेळा ठिकाणही उघडपणे लिहिलेले असते, म्हणून लॉग फाइलींमध्ये तो सरसकट छापणेही टाळावे.